काशीत सोडलेली काळजी

दूधविनायकाच्या गल्लीत कुणाला काळजी लागली की तो ती फार वेळ जवळ बाळगत नाही. पद्माकाकूंच्या उंबऱ्याशी येतो, अर्धा कप चहा पितो, काळजी तिथं ठेवतो आणि हलका होऊन चालायला लागतो. पुढचं काकू बघतात. कुणाच्या मुलीचा निकाल, कुणाच्या म्हाताऱ्याचं अडलेलं पोट, कुणाच्या छतावर ठाण मांडून बसलेली माकडीण, सगळं काकूंकडे जमा. आणि त्या वरवरची काळजी करत नाहीत. नीट निवडून, भिजवून, पाट्यावर वाटून करतात.

"हिला स्वर्गात नेली ना," त्यांचे यजमान रत्नाकर गुरुजी म्हणतात, "तर ही दारातच विचारील, हा जिना धुतल्यावर निसरडा तर होत नाही?"

गुरुजींचं काय जातं बोलायला. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उपाध्येपण. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, गुरुजी त्यांना पंचगंगा घाटावर नेतात, संकल्प सांगतात, श्राद्ध करवतात आणि दुपारी जेवायला घरी आणतात. शेवटचा मंत्र म्हटला की गुरुजींचं काम संपतं आणि काकूंचं सुरू होतं. कोल्हापूरकडची मंडळी असली की त्यांना काकूंच्या आमटीत तिखट सापडत नाही, कोकणातली असली की नारळ सापडत नाही, आणि पुण्याची असली की त्यांना सगळं सापडतं पण जरा जास्तच गोड वाटतं. काकू सगळ्यांना पोटभर वाढतात, कुणाला साखरेचा त्रास आहे, कुणाचा आज सोमवार आहे, कुणाला घाटाच्या पायऱ्यांनी गुडघा धरलाय, हे न विचारता ओळखतात. तीस-चाळीस पानं एकटीनं उठवणारी बाई. मदतीला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही त्यांना.

असं सगळं ठीक चाललं असताना काकूंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. डावा आधीपासूनच अधू.

आधी त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. दिव्याभोवती कडं दिसायला लागलं तर म्हणाल्या, कार्तिकातलं धुकं आहे. मग एके सकाळी गल्लीच्या वळणावर पोतं पांघरून उभ्या असलेल्या सांडाला त्यांनी हात जोडून विचारलं, "काय हो दामोदरपंत, खोकला कसा आहे?" दामोदरपंत मागून येत होते. त्यांनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. काकू मुळीच वरमल्या नाहीत. "नंदीला नमस्कार केला. त्यात वाईट काय झालं?" म्हणाल्या.

वाईट झालं ते पुढच्या आठवड्यात. सोलापूरच्या एका यात्रेकरूच्या दाताखाली भातातला खडा आला आणि दाताचा तुकडा पडला. त्या बिचाऱ्यानं हळूच खडा पानाच्या कडेला ठेवला. पण काकूंनी आवाज ऐकला होता. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

गुरुजींनी दोन दिवस वाट बघून विषय काढला. "अगं, डोळा करून घे. नाहीतर सरळ एक महाराजीन लावू. मला आता ही भीती नको."

महाराजीन म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरी रांधणारी बाई. बनारसमध्ये चांगल्या घरांतून असतात. पण काकूंच्या कानाला तो शब्द असा लागला, जसं गुरुजींनी दुसरं लग्न काढलंय.

"ह्या घरात महाराजीन येईल ती माझ्या तिरडीवरून," त्या म्हणाल्या. "डोळा करते. कुठं जायचं ते सांगा."

तर हे एवढंच होतं. डोळा झाला तर चूल काकूंची, नाही झाला तर महाराजिनीची.

डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे आता काही विशेष नाही. सकाळी जा, दुपारी काळा चष्मा लावून घरी या. काकू सूनबाईला, इरावतीला घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात गेल्या. इरावती शाळेत शिकवते. नवरा, म्हणजे काकूंचा शार्दूल, बँकेच्या नोकरीपायी लखनौला असतो, त्यामुळे सासूची आणि शाळेची हजेरी दोन्ही तिच्याकडे. बाकावर बसवून नर्सनं काकूंच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि पुन्हा फुगवला.

"अम्माजी, एक सौ नब्बे? घबरा रही हैं क्या?"

"नहीं तो," काकू म्हणाल्या, आणि आकडा आणखी चढला.

इतक्या दाबाला डोळ्याला हात लावत नाहीत म्हणे. परत पाठवलं. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर सुश्रुत बसतात. त्यांचा जन्म ह्याच गल्लीतला, त्यांच्या गोवराची पहिली काळजी काकूंनीच केलेली. त्यांनी तपासलं, गोळी लिहून दिली, घरी मोजायला सांगितलं. गोळीनं घरचा आकडा शहाण्या मुलासारखा खाली आला. पण इस्पितळाचं नाव काढलं की वर. सुश्रुत म्हणाले, "काकू, हे पुष्कळांचं होतं. पांढरा कोट बघितला की रक्त उसळतं. गोळी चालू ठेवा आणि टेन्शन घेऊ नका."

आता 'टेन्शन घेऊ नका' ह्या वाक्यानं जगात आजवर कुणाचं टेन्शन गेलं असेल तर त्या माणसाला म्युझियममध्ये ठेवावं. पण गल्लीला निमित्त मिळालं. इतकी वर्षं काकूंनी सगळ्यांची काळजी केली. आता सगळे काकूंची करायला लागले, आणि कुणाला ती धड करता येईना. जो तो येऊन म्हणे, "काकू, टेन्शन मत लीजिए." काकू मोजत नव्हत्या, पण चहाची पावडर मोजत होती.

इरावतीनं त्यांना घाटावरच्या हास्यमंडळात नेलं. पहाटे पंधरा-वीस माणसं हात वर करून हो हो हो करत होती.

"हसायचं कशाला?" काकूंनी विचारलं.

"असंच, आई. हसलं की तब्येत हलकी होते."

"असंच हसणाऱ्याला आमच्याकडे घरात कोंडतात."

मग इरावतीनं फोनवर मन शांत करायचं काहीतरी लावून दिलं. एक बाई फार लाडिक आवाजात हिंदीत सांगत होती, आँखें बंद कीजिए, आप समुंदर के किनारे नंगे पाँव चल रही हैं. काकूंनी इमानानं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले.

"काय झालं आई?"

"चपला कुठं काढल्या ते ती सांगतच नाही. आणि भरती कधीची आहे?"

"आई, तुम्ही इतकं सोचता कशाला हो?" इरावतीनं कपाळाला हात लावला. "माझंच दिमाग फिरायला लागलंय."

"मग तूच ऐक ते," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला इस्पितळातून पुन्हा परत पाठवलं. ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मोतीबिंदू पिकलाय, फार लांबवू नका. घरी आल्यावर गुरुजींनी काकूंचं तोंड बघितलं आणि त्यांना पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. आणि भीती वाटली की गुरुजी जे करतात तेच त्यांनी केलं. शास्त्रात हात घातला.

काशीला आलेल्यानं एखादी आवडती वस्तू सोडून जायचं, ही जुनी रीत. गंगेचं पाणी हातात घ्यायचं, सोडलं म्हणायचं, की ती वस्तू जन्मात तोंडी लावायची नाही. गुरुजी रोज लोकांकडून सोडवतात. अर्थात माणसं बिलंदर. आवडती म्हणून सगळे कारली सोडतात. पंचगंगेवर आजवर इतकी कारली सुटलीत की पाणी कडू कसं झालं नाही हेच आश्चर्य. एकदा बार्शीचे एक गृहस्थ म्हणाले, मी बायकोशी वाद घालणं सोडतो. तर बायको पाण्यातून ओरडली, "अन् मग म्या कुणासंगं घालू?" त्यांना शेवटी दोडक्यावर समाधान मानावं लागलं.

"तू जन्म काशीत काढलास," गुरुजी काकूंना म्हणाले, "पण काही सोडलं नाहीस. उद्या चल घाटावर. काळजी सोड."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "सोडता येते?"

"कारलं सुटतं तर काळजी का नाही सुटणार?"

"आणि तुम्ही काय सोडणार?"

"मी सोडवणारा. सोडणारे वेगळे," गुरुजी म्हणाले, आणि तोंडातलं पान दुसऱ्या गालात घेतलं.

खरं सांगायचं तर गुरुजींना वाटलं होतं, बायकोच्या मनाला थोडा आधार होईल, घटकाभर हसेल, बस. पण चाळीस वर्षं संसार करूनही त्यांच्या एक गोष्ट ध्यानात राहिली नाही. ही बाई चेष्टेतही खोटं व्रत धरत नाही. सकाळी पंचगंगेच्या त्या उभ्या पायऱ्या काकू इरावतीचा हात धरून उतरल्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, ओंजळ भरली आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आजपासून काळजी सोडली." पाणी खाली पडलं. शेजारी एक नाववाला दात घासत होता, त्यानंसुद्धा हात जोडले.

आणि त्या दिवसापासून घराची वाट लागली.

पहिल्या दिवशी सिलिंडर संपला. साताऱ्याची मंडळी पानावर बसलेली, भात अर्धा शिजलेला, आणि शेगडी विझली. दुसरा सिलिंडर मागवायची आठवण आजवर काकू करत. गुरुजींना वाटायचं तो आपसूक येतो, दूर्वांसारखा. शेजारून आणून कसंबसं भागवलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी छतावर वाळत घातलेले पापड माकडांनी नेले. काकू खिडकीतून बघत होत्या.

"अगं, बघतेस काय! हाकल ना!"

"हाकलायला उठायचं म्हणजे माकडं येतील ह्याची आधीपासून काळजी करायला हवी," काकू शांतपणे म्हणाल्या. "ती मी सोडली."

पण शांत वरून. आतून काकूंचं भलतंच चाललं होतं. काळजी सोडली हे खरं, पण ती सोडलेल्या मांजरीसारखी रोज दाराशी यायची. मग काकूंना प्रश्न पडायचा, आत्ता आली ती काळजी होती की नुसता विचार? व्रत मोडलं की राहिलं? आणि घरात शास्त्री असताना बाईनं शंका पोटात का ठेवावी?

"अहो," गुरुजी जेवायला बसले की सुरू व्हायचं, "दुधावर लक्ष ठेवणं काळजीत येतं का?"

गुरुजींनी घास थांबवला. "दूध... चालेल."

"शार्दूलचा फोन रात्री आला नाही तर?"

"एक दिवस आला नाही तर वाट बघणं. ते चालेल. दोन दिवसांनंतर काळजी."

"मग दीड दिवसांनी?"

उपासाला वरी चालते का, भेंडी चालते का, हे गुरुजींनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं. पण काळजीचं फराळाचं ताट त्यांनी कधी मांडलं नव्हतं. शेंगदाणे कुठले आणि पोहे कुठले, त्यांना सांगता येईना. ते जेवण अर्धं टाकून उठायला लागले.

आणि घरचा आकडा, जो गोळीनं शहाणा झाला होता, तोही चढायला लागला.

सुश्रुतांनी पट्टा सोडला आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. हसू दाबण्यात त्यांचा थोडा वेळ गेला. "काकू, आधी तुम्ही नुसती काळजी करत होता. आता काळजी येऊ नये याची काळजी करताय. हे दुप्पट झालं. कुकरची शिटी हातानं दाबून धरली म्हणून वाफ व्हायची थांबते का? तुमचं कसं आहे, काळजी लागली की तुम्ही उठून काहीतरी करता. सिलिंडर मागवता, कुणाला काढा नेऊन देता. ती तुमची वाफ जायची वाट. ती बंद केलीत आणि बसून राहिलात. करा ना थोडी काळजी पहिल्यासारखी."

"सोडली आहे," काकू म्हणाल्या.

सुश्रुतांनी गोळी वाढवून दिली आणि गुरुजींना बाहेर गाठलं. "काका, माझं औषध मी दिलंय. पण हे दुसरं औषध तुमचं आहे. त्याचा उतारा तुम्हीच शोधा."

उतारा म्हणून गुरुजींनी प्रायश्चित्त सुचवलं. एखादा अभिषेक वगैरे करून व्रत मागं घेऊ. काकू ताडकन म्हणाल्या, "लोकांना सांगता, काशीत सोडलेलं परत तोंडी लावू नये. आणि घरच्यांना सवलत? उद्या ते सोलापूरचे येतील, म्हणतील आम्हाला पण कारलं परत द्या."

"कारलं कुणी परत मागत नाही गं," गुरुजी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. आपल्याच मंत्रानं आपलं दार बाहेरून लावलं गेलं होतं. इस्पितळानं तिसरी तारीख दिलेली होती. गुरुजींनी गल्लीत कुणाला न कळवता एका महाराजिनीकडे निरोपही धाडून ठेवला. शिवकुमारी तिचं नाव. काकूंना हे गुरुजींनी सांगितलं नाही, म्हणजे काकूंना ते त्याच दिवशी कळलं. त्यांनी त्याचीही काळजी केली नाही. फक्त त्या दिवशी भाजी खारट झाली.

आणि मग वाशीमकडची मंडळी आली.

त्यांत कालिंदीबाई म्हणून एक होत्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांच्या आवाजाला घरातली भांडी थरथरायची. सगळ्यांच्या पानात भरली वांगी पडली, ह्यांनी हातानं पान झाकलं. "मले नको वं माय. मागच्या टायमाले काशीतच सोडलं ना वांगं."

जेवणं झाल्यावर त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या, काकूंच्या शेजारी बसकण मारली, कढईवरचं झाकण काढून वास घेतला.

"तीळ कमी पडले. अन् गूळ कायले घातला?"

"तुम्ही तर वांगं सोडलंय. वासावरून कळलं?"

"मंग? घरी रोज मीच करतो ना. माह्या सासऱ्याले वांग्याबिगर घास उतरत नाई, पोट्टे बी तसेच. वांगं सोडलं म्हनून काय त्यायले उपाशी ठेवू?" कालिंदीबाई खो खो हसल्या. "सोडलं ते खायचं सोडलं बाप्पा. रांधायचं थोडंच सोडलं! मी करतो, वाढतो, सगळ्यायले पोटभर खाऊ घालतो. आपल्या तोंडात घालत नाई, बस. अन् एक सांगू? न चाखता केलेलं जास्त चांगलं होते. चव घ्याच्या नादात बाई अर्धं मीठ बिघडवते."

काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली.

त्या पळी घेऊनच बाहेर आल्या. गुरुजी दक्षिणा वगैरे आटोपून नुकते आडवे झाले होते.

"अहो, उठा. एखाद्यानं वांगं सोडलं, तर त्यानं दुसऱ्यासाठी रांधलं तर चालतं?"

"चालतं की."

"शास्त्रानं?"

"शास्त्रानं चालतं, रीतीनं चालतं, सगळ्यानं चालतं. दुसऱ्याला अन्न घालणं थांबवायला कुठलं शास्त्र सांगेल?" आणि मग, बोलता बोलता, गुरुजींच्या लक्षात आलं की बायको वांग्याबद्दल विचारत नाहीये. ते सावकाश उठून बसले. "म्हणजे... अगं, हो! दुसऱ्याची काळजी करायची. मन लावून करायची. करून त्याला वाढून टाकायची. आपण बसून खायची नाही!"

"नक्की?"

"माझ्या वडिलांच्या गादीवरून सांगतो."

"मग आधी त्या वाशीमच्या मंडळींना लगेच निघू देऊ नका. ते त्यांच्याबरोबरचे म्हातारे पायऱ्यांवर दोनदा थांबले. त्यांना पाणी दिलंय का कुणी? नाववाल्याला म्हणावं, परत नेताना धार टाळून काठाकाठानं ने." आणि काकू पळीसकट जिन्याकडे गेल्या. गुरुजींनी गादीवर परत अंग टाकलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना दुपारची झोप लागली.

तिसऱ्या तारखेला इरावती काकूंना घेऊन पुन्हा इस्पितळात आली. नर्सनं पट्टा बांधला. आकडा आला तो काही फार चांगला नव्हता. नर्सनं ओठ मुडपले. "अम्माजी, थोड़ी देर बैठिए. फिर देखते हैं. नहीं तो..." तिनं पुढचं बोलायचं टाळलं. ते टाळणं काकूंना ऐकू आलं. शिवकुमारी त्यांच्या डोळ्यांपुढे कमरेला पदर खोचून चुलीशी उभी राहिली. समुद्रकिनारा आठवून बघितला, तर तिथंही शिवकुमारीच पोळ्या लाटत होती.

शेजारी बाकावर एक धिप्पाड म्हातारा बसला होता. मोठ्या मिशा, आखाड्यात कमावलेली मान. पण दोन्ही तळहात मांडीला पुसत होता. त्याचाही आकडा चढलेला, त्यालाही थांबवलेलं.

काकूंनी थोडा वेळ बघितलं. मग त्यांच्यानं राहवेना.

"का हो भैया, सुई से डर लगता है?"

म्हाताऱ्यानं इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, "सुई से ना माई. अन्हार से डर लागत हौ." अंधाराची भीती. डोळ्यावर पट्टी बांधतील, आणि ती सोडल्यावरही अंधारच राहिला तर?

हीच गोष्ट काकू गेले दोन महिने स्वतःला सांगायला घाबरत होत्या. त्यांनी ती स्वतःच्या तोंडाला लागू दिली नाही. सरळ त्याच्या पानात काय वाढायचं ते बघायला लागल्या. काय करता? चेतगंजला कचौडीचं दुकान. आज कढईपाशी कोण? मुलगा. तो तेल धुरेपर्यंत तर तापवत नाही ना? तापवतो, माई, तोच तर वैताग आहे, आजकालची पोरं गॅस मोठा करून मोकळी. हिंग पाण्यात घालतो की तेलात? ह्या प्रश्नावर म्हातारा मांडीला हात पुसायचे विसरला. हिंगाची गोष्ट अशी दोन वाक्यांत सांगायची नसते. तो सरसावून बसला. काकूंनी मध्येच त्याला थांबवून विचारलं, सकाळची गोळी घेतली का? घेतली नव्हती, म्हणाला, आज ऑपरेशन तर गोळी कशाला. काकूंनी नर्सला हाक मारून ते सांगितलं, इरावतीला पाणी आणायला पिटाळलं, आणि पुन्हा हिंगाकडे वळल्या. नर्स पट्टा घेऊन आली तेव्हा काकू दंड पुढे करून म्हाताऱ्यालाच सांगत होत्या की मुलाला रागावू नका, एक दिवस जळू दे त्याचा एक घाणा, मग आपोआप शिकेल.

"अम्माजी, हो गया. चलिए."

"काय झालं?"

"आई, ठीक आलं!" इरावती जवळजवळ ओरडलीच. "अगदी ठीक नाही, पण चालेल म्हणतात. जल्दी चला!"

"अगं, थांब. ह्यांचं मोजलं का?"

पट्टी निघाली त्या दिवशी काकूंनी घर बघितलं.

"ही भिंत पिवळी कधी केली?"

"गेल्या दिवाळीच्या आधी," गुरुजी म्हणाले. "तूच रंग पसंत केला होतास."

काकूंनी मग त्यांच्याकडे बघितलं, जवळ येऊन बघितलं. "आणि तुमच्या कानावर इतके केस?"

गुरुजींनी मुकाट्यानं उपरणं कानावर घेतलं.

डॉक्टरांनी चुलीपासून, धुरापासून, वाकण्यापासून लांब राहायला सांगितलेलं. म्हणून तेवढ्यापुरती शिवकुमारी आलीच. काकू काळा चष्मा लावून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, चौकीवरच्या हवालदारासारख्या. शिवकुमारीनं फोडणी टाकली की चष्मा खाली यायचा. पण चार दिवसांत काकूंना फोडणीपेक्षा दुसरंच काही दिसायला लागलं. ही बाई उभ्यानं लाटताना सारखी एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकते. घोटा सुजून चकचकीत झालेला. आणखी चार घरं करते म्हणे. काकूंनी तिला पाट दिला, पोळपाट खाली घेऊन दिला.

डॉक्टरांनी चुलीची परवानगी दिली त्या सकाळी गुरुजी खुशीत होते. "चला, सुटलो. आजच सांगतो शिवकुमारीला, उद्यापासून नको."

काकू दाराशी उन्हात सूप घेऊन बसल्या होत्या. "सांगू नका."

"अगं, पण तूच म्हणाली होतीस, तिरडीवरून..."

"म्हणाले असेन. तिचा पाय बघितलात? बाकीच्या घरी उभ्यानंच लाटते ती. इथं बसून तरी करते. पोळ्या तिला करू दे. भात, आमटी, भाज्या माझ्या. आणि आत्ता तिला सुश्रुतकडे घेऊन जा. साखर वाढून मूत्रपिंडापर्यंत गेलीय की काय, कोण बघणार?"

"आत्ता? मंडळी जेवायला यायचीत!"

"मग काय ती आडवी पडल्यावर नेणार?"

गुरुजी चपला शोधायला लागले. आतून शिवकुमारी ओरडली, "पंडितजी, अभी आधी रोटी बाकी हौ!"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "तू जा गं त्यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या, "तेवढ्या मी बघते." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या चुलीपाशी जाऊन बसल्या.